पवनी व परिसर

पवनी : महाराष्ट्र राज्याच्या भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि विदर्भातील एक अतिप्राचीन नगर. लोकसंख्या सु. २३,००० (२०११). हे वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या दक्षिणेस सु. ४५ किमी. व नागपूरच्या आग्नेयीस सु. ८५ किमी. वर वसले आहे. जुन्या कागदपत्रांतून व बोलण्यात ‘पौनी’ असाही उच्चार आढळतो. याच नावाची गावे नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यात व चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातही आहेत. तेव्हा येथे प्रथमच येणाऱ्याने जिल्ह्याचे नाव पाहून घ्यावे. नागपूर–नागभीड या १९०८ मध्ये सुरू झालेल्या अरुंदमापी लोहमार्गावरील ‘पवनी रोड’ हे स्थानकही प्रत्यक्ष गावापासून बरेच दूर आहे. हा मार्ग रुंदमापी करण्यासाठी २०१९ मध्ये बंद करण्यात आला. त्यापूर्वीही येथे येणारा प्रवासी मुख्यतः सडकेनेच येत असे. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे आणि नागपूरहून उमरेड–भिवापूरमार्गे असे दोन रस्ते सोयीचे आहेत.

मध्य प्रदेशाच्या शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा भंडाऱ्याजवळून दक्षिणेकडे वाहत पवनीला येते, पुढे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरून जाऊन वर्धा नदीस मिळते आणि प्राणहिता या नावाने गोदावरीत जाते. नकाशावर हा प्रवाह बोटाने दाखवीत गेले, तर पवनीचे स्थानमाहात्म्य ध्यानी येते. उत्तरेस नर्मदेपलीकडील प्रदेश, पूर्वेस दक्षिण कोसल म्हणजे आजचा छत्तीसगढ, पश्चिमेस वऱ्हाडची काळी जमीन आणि दक्षिणेस गोदावरीच्या वाटेने आंध्राचा किनारा, अशा चार दिशांच्या वाटा या नदीखोऱ्यात एकत्र येतात. पश्चिमेचा कापूस व पूर्वेचा तांदूळ यांची सीमाही याच टापूत आहे. भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या शेकडो तलावांवर येथील धानाची शेती उभी राहिली. पवनीचा इतिहास मात्र या तलावांहून कितीतरी जुना आहे.

गावाच्या एका अंगास नदी व उरलेल्या तीन अंगांस मातीचा उंच तट आणि त्याबाहेर खंदक, अशी पवनीची जुनी रचना आहे. तटाच्या काही भागावर नंतरच्या काळातील दगडी बांधकाम आहे. त्यातील वेशीचा दरवाजा अद्याप उभा असून तो ‘जवाहर गेट’ या नावाने ओळखला जातो. नाव अर्थातच स्वातंत्र्यानंतरचे आहे. बालसमुद्र नावाचा जलाशय तटालगतच आहे. दगडी दरवाजा व बुरूज पाहून पवनीचा किल्ला गोंडांचा वा मराठ्यांचा, असे पूर्वी समजले जाई, आणि अजूनही वाटाड्या तसेच सांगतो. वरचे बांधकाम उत्तरकालीन आहे हे खरे. तथापि त्याखालील मातीचा तट व खंदक ही प्राचीन नगराची सीमा होय. प्राचीन भारतातील मोठ्या नगरांभोवती असे मातीचे तट असत. विदर्भात अशा तटबंदीची जी थोडी स्थळे ज्ञात आहेत, त्यांत पवनीची गणना प्रथम करावी लागते. गावाचे नाव पवन नावाच्या राजावरून पडले, अशी आख्यायिका आहे. तीस पुराव्याचा आधार नाही. परंतु येथे पूर्वी कोणी मोठा राजा होऊन गेला, एवढी आठवण लोकांनी जपली, असा तिचा अर्थ घेण्यास हरकत नसावी.

ब्रिटिश अमदानीत आर. व्ही. रसेल यांनी संपादिलेला भंडारा जिल्ह्याचा गॅझेटिअर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी पवनीची ख्याती होती ती तेथील देवळांसाठी, नदीवरील घाटांसाठी आणि रेशीमकाठी कापडासाठी. कोष्टी व हलबा-कोष्टी विणकर येथे तलम सुती धोतरे, उपरणी व लुगडी विणीत. त्यांचे काठ रेशमाचे असत. भंडारा जिल्ह्याच्या जंगलात ऐन व अर्जुन या झाडांवर कोसा म्हणजे टसर रेशमाचे किडे पोसले जातात. हा उद्योग ढिवर समाजाकडे असे, आणि मोहाडी व आंधळगाव येथे कोशाचे कापड विणले जाई. गिरणीच्या सुताने प्रथम हातसूत संपविले व गिरणीच्या कापडाने पुढे हातमाग. पवनीतील माग हळूहळू कमी होत गेले. मोहाडी–आंधळगावकडील कोशाचा धंदा मात्र अजून तग धरून आहे. देवळे, घाट व लुगडी एवढ्यावर पवनीचे वर्णन संपत असे. तटाबाहेरच्या टेकड्यांना लोक नावाने ओळखीत; त्या टेकड्यांच्या पोटात काय आहे हे उजेडात येण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली.

पवनीच्या प्राचीनतेचा पहिला भक्कम पुरावा कोरीव लेखांनी दिला. पादुका कोरलेल्या एका शिळेवरील प्राकृत लेखात भार वंशाचा राजा भगदत्त याचे नाव येते. या लेखाचे वाचन वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केले आणि या भार राजांचा संबंध पुढे वाकाटकांचे आप्त म्हणून प्रसिद्धीस आलेल्या भारशिवांशी असावा, असे सुचविले. पुढे १९६० नंतरच्या दशकात महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्तंभलेख उपलब्ध झाला. हा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला खांब होय. त्यातील ‘महाक्षत्रप’ ही पदवी शकांची आहे, त्यामुळे पश्चिम भारतातील शक क्षत्रपांची सत्ता काही काळ थेट वैनगंगेपर्यंत पोहोचली होती की काय, असा प्रश्न या एका खांबाने उपस्थित केला. शकांचा पराभव करणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा नासिकच्या लेखात स्वतःला ‘बेणाकटकस्वामी’ म्हणवितो. हे बेणाकटक म्हणजे बेण्णा अथवा वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश, असे मिराशींचे मत आहे. सर्वच अभ्यासकांनी ते स्वीकारलेले नाही. ते ग्राह्य धरल्यास पवनीसारखे तटबंदीचे नगर या प्रदेशाचे प्रमुख ठाणे असणे स्वाभाविक ठरते. याच सुमारास येथील ब्राह्मी लेखांकडे वि. भि. कोलते यांनीही अभ्यासकांचे लक्ष वेधले.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी १९६९-७० मध्ये येथे संयुक्तपणे उत्खनन केले. शां. भा. देव व जगतपती जोशी हे त्याचे प्रमुख होते. त्यांचा अहवाल नागपूर विद्यापीठाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडी व चांडकापूरची टेकडी या दोन ठिकाणी खणण्यात आले, आणि दोन्हींच्या पोटात विटांचे बौद्ध स्तूप निघाले.

जगन्नाथ टेकडी हे नाव तेथील जगन्नाथाच्या देवळावरून पडले. देवळाखाली दडलेला स्तूप टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आला होता. त्याचा आरंभ मौर्यकाळात किंवा त्याही अगोदर झाला असावा, असे उत्खनकांनी मानले. सातवाहन काळापर्यंत त्याची दुरुस्ती व विस्तार होत राहिला. त्याचा व्यास ४० मी. च्या आसपास आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सु. ३६·६ मी. आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येचे महत्त्व कळते. सांचीचा स्तूप शतकानुशतके जमिनीवर उभा राहिला, त्याची तोरणे टिकली, आणि तो जगप्रसिद्ध झाला. विस्ताराने त्याहून मोठा असलेला पवनीचा स्तूप भाजलेल्या विटांचा एक ढिगारा होऊन मातीखाली गेला. आज तेथे जाणाऱ्याने सांचीसारखे काही दिसेल अशी अपेक्षा ठेवल्यास त्याची निराशा होईल. दिसते ती एक टेकडी आणि तिच्या अंगात डोकावणारे विटांचे थर. परंतु त्या थरांची गोलाई डोळ्यांनी जुळवीत टेकडीस एक फेरी घातली, तर नकळत जुन्या प्रदक्षिणापथाचीच वाट चालून होते.

स्तूपाभोवती दगडी कठडा असे. उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची आणि वर उष्णीष, अशी त्याची रचना. भारहूत व सांची येथील कठड्यांप्रमाणेच पवनीच्या कठड्याचे खांब कोरीव आहेत. बोधिवृक्ष, धर्मचक्र, भद्रासन, स्तूपाची पूजा करणारे उपासक ही दृश्ये त्यांवर आढळतात. बुद्धाची मानवी मूर्ती मात्र कोठेही नाही. बुद्धाचे अस्तित्व चिन्हांनी सुचवायचे, त्याला रूप द्यायचे नाही, हा प्रारंभीच्या बौद्ध कलेचा संकेत येथे पूर्णपणे पाळला गेला आहे. या सर्वांत मुचलिंद नागाचा खांब विशेष प्रसिद्ध आहे. बोधिप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असताना अकाली वादळ व पाऊस सुरू झाला, तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने त्याच्यावर आपल्या फणा धरल्या, अशी कथा आहे. पवनीच्या शिल्पकाराने नागाच्या पाच फणा कोरल्या, त्यांखालचे आसन कोरले, आणि आसन रिकामे ठेवले. शेजारी नागराजाचे नाव ब्राह्मी अक्षरांत दिले आहे. विदर्भात नागपूजा पुरातन आहे. नागपंचमीला आजही वारुळाशी जाणाऱ्या या प्रदेशातील शिल्पकाराने बुद्धचरित्रातील नेमका हाच प्रसंग इतक्या आत्मीयतेने कोरावा, हे अर्थपूर्ण वाटते. पुढील काळातील संस्कृत लेखांत व राजवंशांच्या कथांत विदर्भाचा नागांशी जो संबंध वारंवार जोडलेला दिसतो, त्याची आठवण हा खांब पाहताना होते.

कठड्याचा खर्च कोणा एका राजाने केला नव्हता. प्रत्येक खांब, प्रत्येक सूची कोणी ना कोणी दान दिलेली होती आणि त्यावर दात्याचे नाव कोरलेले असे. भारहूत-सांचीची हीच पद्धत पवनीलाही दिसते. दात्यांत भिक्षू आहेत, तसेच गृहस्थ उपासक व उपासिकाही आहेत. एका लेखात नाग नावाच्या व्यक्तीस ‘पाच निकाय जाणणारा’ अशा अर्थाचे विशेषण लावलेले आहे. बौद्ध सूत्रांचे पाच निकाय, म्हणजे पाच संग्रह, त्या काळी मुखोद्गत ठेवले जात. ते सर्व पाठ असलेला विद्वान वैनगंगेकाठी वास करीत होता, ही गोष्ट पवनीच्या बौद्ध संघाची योग्यता सांगण्यास पुरेशी आहे. येथील भिक्षू एखाद्या दूरच्या विहाराच्या आश्रयाने राहणारे नव्हते; पवनी हे स्वतःच विद्येचे व यात्रेचे केंद्र होते. गावाबाहेर स्तूप, तटाच्या आत बाजार व वस्ती, आणि नदीवर उतार, असे त्या नगराचे चित्र मनाशी उभे करता येते. उत्खननात मिळालेली मृद्‌भांडी, मणी व नाणी या चित्राला दुजोरा देतात. त्यांत उत्तरेकडील काळी चकचकीत भांडीही आहेत व सातवाहनांची नाणीही.

पुढे १९९४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा उत्खनन केले व हरदोलाल टेकडीतही स्तूप असल्याचे दाखवून दिले. त्याचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गावाच्या शिवारात तीन स्तूप ही गोष्ट महाराष्ट्रात असाधारण आहे. सह्याद्रीतील लेण्यांमुळे महाराष्ट्राचा बौद्ध वारसा म्हटला की कार्ले, भाजे, नासिक, अजिंठा एवढेच डोळ्यांपुढे येते. डोंगर कोरण्यास कातळ नसलेल्या पूर्व विदर्भात तोच धर्म विटांनी बांधला गेला, आणि विटा पुढच्या पिढ्यांना घरे बांधण्यास उपयोगी पडतात, हे त्याचे दुर्दैव ठरले.

इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत विदर्भात वाकाटकांचे राज्य होते. त्यांची राजधानी नंदिवर्धन ही रामटेकजवळ होती. दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट पवनीस मिळाला आहे, यावरून हा प्रदेश त्याच्या राज्यात होता हे निश्चित होते. स्तूपांचे वैभव तोवर ओसरले होते. राजाश्रय ब्राह्मणांना व वैदिक धर्माला मिळू लागला. पवनीचे व्यापारी महत्त्वही कमी होत गेले. त्यानंतरची काही शतके पवनीच्या बाबतीत मौन पाळतात.

पवनीच्या आसपासची स्थळे पाहिल्याखेरीज हा काळ नीट उमगत नाही. पवनीजवळ पिंपळगाव व तिलोता-खैरी येथे मोठमोठ्या शिळा उभ्या करून त्यांवर छताची शिळा ठेवलेली महापाषाणयुगीन शिळाकोष्ठे आहेत. स्तूपही मुळात मृताच्या अवशेषांवर उभारलेली वास्तू असल्याने, याच भूमीत मृतांसाठी आधी दगड व नंतर विटा रचल्या गेल्या असे म्हणता येते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील देवटेक येथे एकाच शिळेवर दोन निरनिराळ्या काळांचे लेख मिळाले. जुना लेख इ. स. पू. तिसऱ्या शतकातील असून त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. तो अशोकाच्या महामात्राने कोरविला असावा, असे मत आहे. त्याच शिळेवर सहाशे वर्षांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरविला. पवनीचा स्तूप मौर्यकालीन मानण्यास देवटेकचा हा शेजार फार उपयोगी पडतो. नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील अडम येथे १९८८ नंतरच्या उत्खननात तटबंदीचे दुसरे प्राचीन नगर उजेडात आले, आणि अस्सक जनपदाचे नाव असलेली मुद्रा मिळाली. त्याच तालुक्यातील मांढळ येथे नागपूर विद्यापीठाने १९७५ पासून केलेल्या उत्खननात वाकाटककालीन देवळांचे अवशेष व शैव मूर्ती सापडल्या. अडम, मांढळ व पवनी ही तिन्ही स्थळे एका दिवसात पाहणे शक्य आहे. मात्र वाहन स्वतःचे हवे.

पवनीच्या उत्तरेस अंभोरा येथे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा व कोलारी अशा पाच नद्यांचा संगम आहे. येथील टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ व हरिनाथांची समाधी आहे. मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून परंपरेने मानला जाणारा मुकुंदराजांचा विवेकसिंधु (शके १११०, इ. स. ११८८) येथेच लिहिला गेला, असे विदर्भातील अभ्यासक मानतात, मराठवाड्यातील आंबेजोगाईही हाच मान सांगते. दोन्ही बाजूंचा वाद जुना व कडाक्याचा आहे. वादाचा निकाल कोणताही लागो, संगमावरून सूर्यास्त पाहणाऱ्यास अंभोऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते, एवढे खरे. २०२४ मध्ये येथे तारांनी तोललेला पूल वाहतुकीस खुला झाला व नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील अंतर कमी झाले. त्यापूर्वी पलीकडे जाण्यास नावेचाच आधार होता.

देवगडच्या गोंड राजांनंतर अठराव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले आणि १८६१ मध्ये भंडारा जिल्हा मध्य प्रांतात समाविष्ट झाला. पवनीतील आजची बहुतेक देवळे व घाट गोंड–मराठा काळातील आहेत. देवळांच्या संख्येमुळे पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणण्याचा प्रघात पडला. वैजेश्वराचा घाट त्यांत प्रमुख असून महाशिवरात्रीस तेथे भाविकांची गर्दी होते. येथील गणपती मात्र काशीची उपमा सोडून स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. एकाच शिळेवर निरनिराळ्या दिशांना तोंडे केलेली पाच गणेशमुखे असल्याने त्यास पंचानन किंवा सर्वतोभद्र म्हणतात, आणि विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. अशा प्रकारची मूर्ती महाराष्ट्रात विरळा आहे. अड्याळ येथील हनुमानाचे देऊळही भंडाऱ्याच्या वाटेवर पाहता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९५४ मध्ये, त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. तीत त्यांचा पराभव झाला. धर्मांतरानंतर भंडारा जिल्ह्यातील हजारो कुटुंबे बौद्ध झाली. म्हणजे पवनीचे स्तूप प्रकाशात आले, त्या वेळी त्या परिसरात नव्याने बौद्ध झालेल्यांची तेरा वर्षांची एक पिढी वाढत होती. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच गावाशेजारी उपासक-उपासिका दाने देत होत्या, हे त्यांना पुरातत्त्वज्ञांच्या अहवालातून कळले. या योगायोगाचे मोल केवळ विद्वानांपुरते नाही. पवनीजवळ रुयाड (सिंदपुरी) येथील महासमाधीभूमी या स्थळी भारतीय व जपानी बौद्धांच्या सहकार्याने एक नवा भव्य स्तूप उभारण्यात आला आहे. तेथे दरवर्षी फेब्रुवारीत मोठा मेळावा भरतो. बहुतेक यात्रेकरू हा नवा स्तूप पाहून परततात. जगन्नाथ टेकडीकडे त्यांतील थोडेच वळतात. तेथे एका बाजूस देवळात येणारा भाविक व दुसऱ्या बाजूस विटांना वंदन करणारा उपासक, असे दोघेही दिसतात. अभ्यासकाने दोघांच्याही श्रद्धेचा मान राखून टेकडीवर पाय ठेवावा.

पवनीपासून सु. १० किमी. वर, नदीच्या वरच्या अंगास, गोसेखुर्द येथे वैनगंगेवर धरण बांधण्यात आले आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. प्रकल्पास इंदिरासागर असे नाव आहे. धरणाची लांबी ११ किमी. हून अधिक असून त्यास ३३ दरवाजे आहेत. आरंभी ३७२ कोटी रुपये धरलेला खर्च पुढे कित्येक पटींनी वाढला. २००९ मध्ये केंद्र शासनाने त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. नागपूर, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतील सु. अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा त्याचा उद्देश आहे. बुडीत क्षेत्रातील गावे भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील होती. त्यांतील लोकांना नव्या गावठाणांत जावे लागले, आणि मोबदला व पुनर्वसन यांसाठी त्यांची आंदोलने अनेक वर्षे चालली. बुडीत गावांबरोबर जुनी देवळे, वीरगळ, पांढरीच्या टेकाडांतील वस्त्यांचे अवशेषही पाण्याखाली जातात. ज्या खोऱ्यात पवनी, अडम व मांढळ निघाले, त्या खोऱ्यात ही हानी लहान समजता येत नाही. धरणाच्या खालच्या अंगास असलेल्या पवनीला आता पुराची भीती निराळ्या स्वरूपात वाटते. पूर्वी नदी पावसाने फुगे, आता धरणाच्या दरवाजांनीही फुगते. ऑगस्ट १९९४ चा पूर जुनी माणसे सांगत, तसा ऑगस्ट २०२० च्या अखेरीचा पूर तरुणांनी पाहिला. त्या वेळी गोसेखुर्दचे सर्व दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठ जलमय झाला. धरणाचा जलाशय व भिंत पाहण्यासाठी आता सुटीच्या दिवशी पुष्कळ लोक येतात.

तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगल उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यात मोडते. हे अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सु. १८९ चौ. किमी. आहे. ‘जय’ नावाच्या भव्य वाघामुळे ते देशभर गाजले. हा वाघ एप्रिल २०१६ पासून दिसेनासा झाला. पवनीच्या बाजूनेही अभयारण्यात प्रवेश करता येतो. पावसाळ्यात ते बंद असते.

पवनी पाहण्यास दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम. फाल्गुनानंतर ऊन असह्य होते. सकाळी वेशीच्या दरवाजातून आत न शिरता प्रथम बाहेरून तटाच्या कडेने चालावे. वस्तीच्या वाढीने तट ठिकठिकाणी तुटला आहे, खंदकाचे काही भाग बुजले आहेत, आणि हे काम थांबलेले नाही; तरीही नगराचा आकार अजून कळतो. नंतर टेकड्या, मग गणपती, आणि दिवस कलताना घाट. कठड्याचे कोरीव खांब व इतर वस्तू नागपूरला नेण्यात आल्याने पवनीत त्या पाहावयास मिळत नाहीत, आणि हीच येथे येणाऱ्याची खरी अडचण आहे. स्थळ एका जागी व त्याची शिल्पे दुसऱ्या जागी अशी स्थिती असल्याने, गावातील शाळकरी मुलांना आपल्या गावचा मुचलिंद पाहण्यासाठी ८५ किमी. प्रवास करावा लागतो. पवनीत एखादे लहान स्थलसंग्रहालय असते, तर ही गैरसोय टळली असती. परतीच्या वाटेवर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या व लोक ज्यास ‘अजब बंगला’ म्हणतात त्या वास्तूत, देवटेकची शिळा ठेवलेली आहे. पवनीच्या मातीचा तट पाहून आलेल्याने ती अवश्य पाहावी.